सण कोणाचा, सुटी कोणाची?

दर वर्षी डिसेंबरच्या चोवीस तारखेस सायंकाळी आमच्या दारी एक ताटली येते. विणलेल्या पांढऱ्या रुमालाखाली दोदोल, नेवऱ्या, केकचे दोन तुकडे आणि एखाद्या वर्षी बेबिंकची पातळशी फोड, असे सारे नीटनेटके मांडलेले असते. ती घेऊन येणारे आमचे शेजारी जहाजावरची नोकरी संपवून घरी बसलेले वृद्ध गृहस्थ आहेत. ताटली रिकामी परत करू नये हा उभय घरांचा रिवाज. त्यामुळे ती आमच्या फडताळात राहते आणि चवथीस आमच्या नेवऱ्या घेऊन त्यांच्या घरी जाते. या देवघेवीत आजवर खंड पडलेला नाही. श्रद्धेचे म्हणाल, तर आमची गणना गावात नास्तिकांत होते. आगरकर वाचून बिघडलेला मनुष्य, असे आमचे एक आप्त आमच्याविषयी चारचौघांत बोलत असतात. पण दोदोल खावयास श्रद्धेची अट असल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुटीच्या आदल्या दिवशी नववीच्या वर्गात एका मुलाने आम्हास विचारले, “सर, येशूचा जन्म पंचवीस तारखेलाच झाला, हे कोणी लिहून ठेवले?” मुख्याध्यापकास ‘ठाऊक नाही’ म्हणण्याचा सराव नसतो. आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ते उत्तर मात्र आम्हास टोचत राहिले आणि सुटीत आम्ही या विषयाची पुस्तके काढून बसलो. तारखेचा शोध घेता घेता आम्ही भलतीकडेच जाऊन पोचलो. त्या वाटेची ही हकीकत.

कोणी लिहून ठेवले? खरे उत्तर असे की, ज्यांनी लिहावयास हवे होते त्यांनी लिहिलेच नाही. चार शुभवर्तमानांपैकी मत्तय आणि लूक या दोघांनीच जन्मकथा सांगितली आहे आणि दोघांनीही दिवस दिलेला नाही, महिनाही दिलेला नाही. वर्षाचाही घोळच आहे. मत्तयाच्या कथेत हेरोद राजा जिवंत आहे, आणि इतिहासकारांच्या सर्वसाधारण मताप्रमाणे तो इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला. म्हणजे ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व काळात झाला, असे विचित्र विधान करणे भाग पडते. सहाव्या शतकात डायोनिसियस एक्झिग्युअस नामक साधूने सनाची मोजणी बसविली. तिच्यातली ही चूक पुढे सर्व जगाने मुकाट्याने चालविली आहे. २५ डिसेंबरचा सर्वात जुना उल्लेख रोममधील ३५४ सालच्या एका पंचांगवजा संग्रहात सापडतो. त्याच संग्रहात त्याच दिवशी ‘अजिंक्याचा जन्मदिवस’ अशीही नोंद आहे. हा अजिंक्य म्हणजे सूर्यदेव, असे बहुतेक विद्वान मानतात. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये ज्याचे मंदिर उभारले तो.

आमच्यासारख्या संशयवाद्यांना एवढे मिळाले की हुरूप येतो. ‘पाहा, नाताळ म्हणजे सूर्योपासकांकडून चोरलेला सण’, असे ठोकून द्यावयास आम्ही मोकळे! परंतु संशय घ्यावयाचाच, तर तो स्वतःच्या आवडत्या सिद्धांतावरही घ्यावा लागतो. सूर्योत्सव आधीचा आणि नाताळ मागाहूनचा, हे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. मार्चच्या पंचवीस तारखेस गर्भधारणा धरून तेथून नऊ महिने मोजले, म्हणून डिसेंबरची पंचवीस आली, असेही काही विद्वानांचे मत आहे, आणि ते टाकाऊ नाही. शिवाय सर्व ख्रिस्ती जगाची तारीखही एक नाही. आर्मेनियन चर्च ६ जानेवारीस जन्मोत्सव करते. रशियन चर्च जुने पंचांग पाळते, त्यामुळे त्यांचा नाताळ सध्या ७ जानेवारीस येतो. तिथीवरून आपल्याकडे स्मार्त आणि भागवत एकादशी असे दोन दिवस होतात, तसाच हा प्रकार.

आता गंमत अशी की, नाताळावर सर्वात कडक हल्ला आमच्यासारख्या नास्तिकांनी केलेला नाही. तो कट्टर ख्रिस्ती माणसांनी केला. बायबलात जो सण नाही तो पाळणे पाप, असे इंग्लंडातील प्युरिटन पंथीयांचे म्हणणे. १६४७ मध्ये त्यांच्या पार्लमेंटने नाताळ आणि ईस्टर हे सण कायद्याने रद्द केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कँटरबरी येथे दंगल झाली. नाताळाच्या दिवशी दुकाने उघडी ठेवावी असा नगरप्रमुखाचा आग्रह, आणि उघडलेली दुकाने फोडावयाची असा जमावाचा निश्चय! अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरविला. हा कायदा १६८१ पर्यंत चालू होता. आज त्याच देशात नाताळातला ‘खरा धर्म’ हरवला म्हणून जे गळा काढतात, त्यांना आपल्याच पूर्वजांपैकी काहींनी हा सण अधर्म म्हणून बंद केला होता, हे बहुधा ठाऊक नसावे.

या ठिकाणी आम्हा अंत्रुजकरांना एक गोष्ट आठवल्याखेरीज राहत नाही. इ. स. ६०१ मध्ये पोप ग्रेगरी याने इंग्लंडास निघालेल्या मेलिटस या धर्मोपदेशकास एक पत्र पाठविले होते. तेथील लोकांची देवळे पाडू नका. आतल्या मूर्ती काढा, पवित्र जल शिंपडा आणि तीच वास्तू वापरा. लोकांना उत्सवात बैल मारून खाण्याची सवय आहे, तर तो बेत देवाच्या नावाने चालू द्या. असा त्या पत्राचा आशय. मोठा व्यवहारज्ञ मनुष्य! युरोपातील कितीतरी जुने रीतिरिवाज अशाच समंजसपणामुळे नाताळात आणि ईस्टरात टिकले. परंतु सोळाव्या शतकात तोच धर्म जहाजात बसून तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीत आला, तेव्हा ग्रेगरीचे पत्र लिस्बनलाच राहिले असावे. देवळे पडली; मंगेश कुशस्थळीहून रातोरात प्रियोळास आला. १५६० मध्ये इन्क्विझिशन बसले, ते १८१२ पर्यंत. १७३६ च्या त्याच्या एका फर्मानाने बाटलेल्यांना लग्नात हळद लावण्यास आणि दारी तुळस ठेवण्यास बंदी केली. युरोपातील हिरव्या फांद्या चर्चमध्ये चालल्या. गोव्याची तुळस अंगणातही चालली नाही. बंदी घालणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र जागच्या जागी ठेवली, ती म्हणजे जात. बाटल्यावरही बामण बामण राहिला, चारडो चारडो राहिला आणि सुदीर सुदीर राहिला. सणाच्या मिरवणुकीत कोणत्या कोंफ्रारियेने पुढे चालावयाचे, हा वाद चर्चच्या पायरीवर कित्येक पिढ्या घातला गेला. आमच्या जत्रांतील पालखीच्या मानापमानाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना याहून अधिक सांगावयास नको.

सध्याच्या नाताळाचे जे रूप आपण पाहतो, ते फार जुने नाही. डिकन्सची ती प्रसिद्ध कथा १८४३ सालची. त्याच वर्षी हेन्री कोल याने पहिले छापील शुभेच्छापत्र विक्रीस काढले. त्याच्या मधल्या चित्रात कुटुंबातले सर्वजण मद्याचे पेले उंचावीत आहेत, म्हणून दारूबंदीवाले संतापले होते. १८४८ मध्ये व्हिक्टोरिया राणी आणि अल्बर्ट यांचे सजविलेल्या वृक्षाभोवतीचे चित्र एका साप्ताहिकात आले आणि वृक्षाची टूम घरोघर पसरली. पुढे व्यापाऱ्यांनी या सणास असे काही कवटाळले की, १९३९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांनी नाताळापूर्वीचा खरेदीचा हंगाम लांबावा म्हणून देवाचे आभार मानण्याचा राष्ट्रीय दिवसच एक आठवडा अलीकडे ओढला. निम्म्या राज्यांनी नवी तारीख पाळली, निम्म्यांनी जुनी. शेवटी १९४१ मध्ये काँग्रेसने कायदा करून हा घोळ मिटविला. बाजाराने सण गिळल्याची तक्रार आपणही दिवाळीत करतो. तीत नवे काही नाही, आणि आमच्या मते फार मोठे पापही नाही. दुकानदार निदान आपण दुकानदार आहोत हे लपवीत नाही.

आमचे पाऊल अडले ते अन्यत्र. फ्रेडरिक डग्लस या अमेरिकन गुलामाने पळून जाऊन मुक्त झाल्यावर १८४५ मध्ये आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. सुटीत वाचलेल्या पुस्तकांपैकी हे एक पुस्तक आम्ही एका बैठकीत संपविले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढले.

मेरीलँडमध्ये थॉमस ऑल्ड नावाचा त्याचा एक मालक होता. १८३२ च्या ऑगस्टमध्ये मेथडिस्ट पंथाचा एक मोठा मेळावा भरला आणि त्यात या मालकाचे हृदयपरिवर्तन झाले. पंधरा वर्षांच्या आसपासच्या डग्लसला आशा वाटली की, आता हा आपल्याला मुक्त करील. निदान अधिक दयाळूपणे वागवील. दोहोंपैकी काहीच घडले नाही. घरी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होऊ लागल्या, उपदेशकांचा राबता सुरू झाला, त्यांच्या पानात पक्वान्ने पडू लागली. आणि गुलाम पूर्वीप्रमाणेच उपाशी राहिले. डग्लस म्हणतो की, पूर्वी हा मनुष्य आपल्या क्रौर्यासाठी स्वतःच्या दुष्टपणावरच विसंबून असे. आता त्यास धर्माचा आधार मिळाला. लहानपणी भाजल्याने हात निकामी झालेल्या एका मुलीस तो बांधून चाबकाने मारी आणि मारताना बायबलातले वचन म्हणे. मालकाची इच्छा ठाऊक असून ती न पाळणाऱ्या सेवकास पुष्कळ फटके बसतील, अशा अर्थाचे. त्याच गावात एका तरुण गोऱ्या गृहस्थाने गुलामांना नवा करार वाचावयास शिकविण्यासाठी रविवारची शाळा काढण्याचे ठरविले. डग्लस त्यात शिकवीत असे. तीनच वेळा भरली ती शाळा. मग चर्चमधील दोन वर्गप्रमुख इतरांना घेऊन काठ्या आणि दगडांनिशी आले आणि त्यांनी ती उधळून लावली. धर्मग्रंथ वाचावयास शिकतात म्हणून धर्माधिकाऱ्यांनी मोडलेली शाळा! सारा जन्म फळ्यासमोर घालविलेल्या मनुष्यास या प्रसंगाची वेदना निराळी समजावून सांगावी लागत नाही.

आणि मग नाताळ. नाताळापासून नववर्षदिनापर्यंत गुलामांना सुटी असे. कष्टाळू गुलाम त्या दिवसांत झाडू, चटया, टोपल्या विणीत. काही जण ससे मारावयास जात. पण मालकांना ते रुचत नसे. सुटीत काम करणारा गुलाम हा धन्याच्या कृपेस अपात्र समजला जाई, आणि नाताळात जो दारूने झिंगला नाही तो आळशी ठरे. वर्षभरात एवढी दारू साठविता आली नाही म्हणजे काय! कोण अधिक व्हिस्की पिऊन उभा राहतो, यावर मालक आपापसांत पैजा लावीत आणि दारू पुरवीत. डग्लसच्या मते यामागे कावा होता. गुलामांच्या मनात साचलेला बंडाचा विचार बाहेर पडावयास ही सुटी म्हणजे एक झडप. ती बंद केली तर तात्काळ बंड उसळेल, याविषयी त्यास शंका नव्हती. दुसरा हेतू अधिक खोल. स्वातंत्र्य म्हणजे काय, तर हे लोळणे, ही ओकारी, असे गुलामास वाटावे. सुटी संपली की ते चिखलातून उठत, एक दीर्घ श्वास घेत आणि शेताकडे चालू लागत. मनातून थोडेसे सुखावूनच, की सुटलो त्या स्वातंत्र्यातून! मळी चोरून खाणाऱ्या गुलामास मालक कधीकधी इतकी मळी बळेच खावयास लावी की, पुढे तिचे नाव काढताच त्यास मळमळावे. स्वातंत्र्याच्या बाबतीतही तोच उपाय योजला जाई, असे डग्लस लिहितो.

हॅरिएट जेकब्स या स्त्रीने १८६१ मध्ये आपली कहाणी प्रसिद्ध केली. नॉर्थ कॅरोलायनात गुलामांना वर्षभरासाठी भाड्याने देण्याचा दिवस म्हणजे १ जानेवारी. त्यामुळे त्याच्या आदली रात्र ही कित्येक आयांची मुलांसोबतची शेवटची रात्र असे. नववर्षदिनी सात मुलांना घेऊन लिलावाच्या ओट्यावर गेलेली एक आई तिने पाहिली. परतताना त्या आईपाशी एकही मूल उरले नव्हते. जेकब्स स्वतः आजीच्या घराच्या माळ्यावर, उभे राहता येणार नाही अशा जागी, जवळजवळ सात वर्षे लपून राहिली. तेथूनच ती आपल्या मुलांसाठी नाताळचे कपडे शिवी. मुले खाली खेळत आणि ती फटीतून त्यांना पाही.

हे केवळ काही दुष्ट मालकांपुरते होते, असेही म्हणता येत नाही. बार्बाडोस बेटावरील कॉड्रिंग्टन मळा १७१० मध्ये इंग्लंडच्या चर्चच्या धर्मप्रसारक संस्थेस मृत्युपत्राने मिळाला. सुरुवातीच्या काळात तेथील गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने ‘सोसायटी’ हा शब्द डागला जाई. गुलामगिरीतील आपल्या वाट्याबद्दल चर्च ऑफ इंग्लंडने क्षमा मागितली ती २००६ मध्ये. १८३१ च्या नाताळात जमैकातील गुलामांनी, सुटी संपल्यावर मजुरीवाचून कामास हात लावावयाचा नाही, असा निश्चय केला. त्यांचा पुढारी सॅम शार्प हा बाप्तिस्त मंडळीचा डीकन. बायबल वाचूनच तो या निष्कर्षास आला होता. २७ डिसेंबरच्या रात्री मळे पेटले. बंड मोडल्यावर तीनशेहून अधिक गुलामांना मृत्युदंड झाला. शार्पला २३ मे १८३२ रोजी फाशी दिली गेली. यानंतर गोऱ्या मळेवाल्यांनी ‘कलोनियल चर्च युनियन’ स्थापन करून बाप्तिस्त आणि मेथडिस्ट प्रार्थनागृहे जाळली. तिचा प्रवर्तक चर्चचाच एक रेक्टर होता! १८३३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. ती अर्थात मालकांना.

येथे डग्लसची न्यायबुद्धी नमूद केली पाहिजे. पुस्तकाच्या पुरवणीत तो स्पष्ट करतो की, आपला रोष गुलामधारकांच्या धर्मावर आहे, ख्रिस्ताच्या धर्मावर नाही. किंबहुना दुसऱ्यावर प्रेम आहे म्हणूनच पहिल्याचा तिटकारा आहे. शार्पही ख्रिस्तीच होता. आम्हा नास्तिकांना हे गैरसोयीचे वाटते खरे. चाबूक आणि चाबकाचा प्रतिकार दोन्ही एकाच पुस्तकातून निघाले. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील सत्पुरुषांना ती अर्पण केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर तोच दुसरा पक्ष होता. आणि आमच्या घरचे पाहू गेले, तर समतेचे अभंग शतकानुशतके गाऊनही पंढरीच्या विठोबाचे दार अस्पृश्यांना उघडावयास १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणास लावावे लागले. तेव्हा दुसऱ्याच्या चर्चकडे बोट दाखविताना आम्ही जरा जपूनच दाखवितो.

गेल्या नाताळात शेजारी ताटली घेऊन आले, तेव्हा आम्ही त्यांना डग्लसची हकीकत सांगितली. त्यांना राग येईल अशी थोडी धास्ती होती. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, “हेडमास्तर, आमच्या आजोबांना चर्चच्या कोंफ्रारियेत घेतले नव्हते. जात आडवी आली. तरी दर रविवारी मिसेला जात. शेवटच्या बाकावर बसत.” थोड्या वेळाने हसून पुढे म्हणाले, “जहाजावर नाताळाच्या दिवशी कॅप्टन आम्हाला एकेक बाटली देत असे. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला डेक घासायला उभे. बाटली मात्र चांगली असायची हं!”

ते गेल्यावर आमच्या सौभाग्यवती रुमालाची घडी करीत म्हणाल्या, “तुमच्या त्या डग्लसला निदान आठवडाभर सुटी तरी मिळत होती. आपल्याकडे भांडी घासायला येतात त्या बाईंना चवथीला किती दिवस सुटी असते?”

आम्ही हिशेब करू लागलो आणि थांबलो. चवथीच्या दिवशी आमच्याकडे वीस-बावीस पाने होतात. बाई सकाळी सातला येतात, दुपारी तीनच्या पुढे जातात. आम्ही त्यांना लुगडे देतो, लाडू देतो, वर काही रक्कमही देतो. आणि एवढे देणारे घर गावात दुसरे नाही असे म्हणवूनही घेतो. त्यांच्या स्वतःच्या घरी गणपती असतो. त्याचा नैवेद्य सायंकाळी होतो, हे आम्हास इतक्या वर्षांत त्या दिवशी प्रथमच कळले. सौभाग्यवतींना ते पूर्वीपासून ठाऊक होते.

यंदाच्या चवथीस आम्ही बाईंना सांगितले की, दोन दिवस येऊ नका; पगार कापला जाणार नाही, भांडी आम्ही पाहू. त्यांनी मान डोलावली. चवथीच्या दिवशी सकाळी सातला आम्ही परसात नळाखाली पातेली मांडून बसलो होतो, तोच मागल्या दारी बाई उभ्या. आम्ही विचारले, “अहो, तुम्हाला येऊ नका म्हटले होते ना?” त्या आमच्याकडे पाहत नव्हत्या, आमच्या मागे स्वयंपाकघरात डोकावून पाहत होत्या. आपल्या जागी दुसरी कोणी ठेवली की काय, हे बघावयास त्या आल्या होत्या.